राजा रविवर्मा: राजवाड्यातले देव कागदावर उतरवून घराघरांत नेणारा चित्रकार

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला तुम्ही जी तसबीर पुढे ठेवता ती एकदा नीट बघा. कमळावर उभी असलेली लक्ष्मी, चार हात, अंगावर काठपदराची साडी, बाजूला हत्ती. देवघरात, दुकानाच्या गल्ल्यामागे, रिक्षाच्या काचेवर, लग्नपत्रिकेवर, सगळीकडे साधारण हीच लक्ष्मी दिसते. ती आपल्या इतकी ओळखीची आहे की लक्ष्मी पहिल्यापासून अशीच दिसत असणार, असं आपण धरूनच चालतो.

पण हे रूप घरोघरी पोहोचलं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दहा वर्षांत. ते रंगवणारा चित्रकार केरळचा, ते छापणारी यंत्रं आणि कारागीर जर्मनीचे आणि छापखाना आधी मुंबईत, मग लोणावळ्याजवळच्या मळवलीत. राजा रविवर्मा हे त्या चित्रकाराचं नाव.

रविवर्मांनी नाव कमावलं, राजेरजवाड्यांकडून मोठमोठ्या रकमा घेतल्या. पण ज्या छापखान्यामुळे ते अमर झाले, त्याच छापखान्याने त्यांना कर्जात लोटलं. हा सगळा प्रवास कसा झाला, ते समजून घेऊ.

किळिमानूरचा मुलगा

रविवर्मांचा जन्म 29 एप्रिल 1848 चा. गाव किळिमानूर, त्रावणकोर संस्थानातलं. म्हणजे आजच्या केरळच्या दक्षिण भागातलं. घराणं त्रावणकोरच्या राजघराण्याशी सोयरिकीने जोडलेलं. आई उमांबाबाई, वडील नीलकंठन भट्टतिरीपाद. घरात संस्कृत, संगीत आणि कथकली यांचं वातावरण होतं.

लहानपणी रवी घराच्या भिंतींवर कोळशाने चित्रं काढायचा, अशी आठवण त्यांच्या बहुतेक चरित्रांत येते. भिंती खराब केल्या म्हणून मार खाण्याऐवजी त्याला शिक्षक मिळाला. त्याचे मामा राजा राजा वर्मा स्वतः चित्रकार होते. त्यांनी भाच्याचा हात ओळखला आणि त्याला शिकवायला घेतलं.

वयाच्या 14व्या वर्षी, म्हणजे 1862 मध्ये, मामा त्याला तिरुअनंतपुरमला घेऊन गेले. त्रावणकोरचे महाराज आयिल्यम तिरुनाळ यांना कलेची आवड होती. त्यांनी मुलाला आश्रय दिला. पुढे 1866 मध्ये मावेलिक्कराच्या राजकुटुंबातल्या भागीरथीबाईंशी रविवर्मांचं लग्न झालं. या कुटुंबाचं त्रावणकोरच्या गादीशी जवळचं नातं होतं. त्याचा या गोष्टीच्या शेवटाशी संबंध आहे, म्हणून हे नातं लक्षात ठेवा.

तैलरंग शिकवायला कुणी तयार नव्हतं

त्या काळी भारतात तैलरंग ही नवी गोष्ट होती. जलरंगात आणि देशी पद्धतीच्या रंगांत काम करणारे चित्रकार होते, पण कॅनव्हासवर तेलात मिसळलेले रंग लावून माणूस हुबेहूब उभा करायचा, ही युरोपची रीत. दरबारातले चित्रकार रामस्वामी नायडू यांना ती येत होती, मात्र ती विद्या तरुण रविवर्माला द्यायला ते तयार नव्हते. नवा स्पर्धक कुणाला हवा असतो?

1868 मध्ये थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार महाराजांची व्यक्तिचित्रं काढायला तिरुअनंतपुरमला आला. त्यानेही पद्धतशीर शिकवलं नाही. काम चालू असताना बघायची परवानगी मिळाली, तेवढीच. रविवर्मांनी बघून, चुकून आणि पुन्हा करून ही कला आत्मसात केली.

पाच वर्षांत त्याचं फळ मिळालं. 1873 मध्ये केसांत फुलं माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला मद्रासच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं आणि व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनातही गौरव झाला. 1876 मध्ये मद्रासला त्यांचं शकुंतलेचं चित्र गाजलं. त्यात शकुंतला कमळाच्या पानावर दुष्यंताला पत्र लिहिताना दाखवली होती. ते चित्र मद्रासच्या गव्हर्नरने विकत घेतलं.

आता रविवर्मा हे नाव संस्थानिकांच्या वर्तुळात फिरू लागलं. इंग्रज अधिकारी, राजे, दिवाण यांच्याकडून व्यक्तिचित्रांची मागणी यायला लागली.

बडोद्याची 14 चित्रं आणि फोटोंची चलती

रविवर्मांच्या आयुष्याला वळण मिळालं ते बडोद्यामुळे. सर टी. माधवराव हे आधी त्रावणकोरचे दिवाण होते आणि पुढे बडोद्याचे दिवाण झाले. रविवर्मांना ते चांगले ओळखत होते. त्यांच्यामुळे महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या दरबाराशी रविवर्मांचा संबंध आला. सयाजीरावांना 1881 मध्ये राज्यकारभाराचे अधिकार मिळाले, त्या सुमारास रविवर्मा आणि त्यांचे धाकटे भाऊ सी. राजा राजा वर्मा बडोद्यात येऊन काम करून गेले. हे भाऊही चित्रकार होते. मामांचं आणि भावाचं नाव एकच असल्याने वाचणाऱ्यांचा बरेचदा गोंधळ होतो.

1888 मध्ये सयाजीरावांनी मोठं काम दिलं. नव्या लक्ष्मी विलास राजवाड्यासाठी रामायण, महाभारत आणि पुराणांतल्या प्रसंगांवर 14 चित्रं काढायची. मोबदला 50 हजार रुपये. त्या काळात ही रक्कम प्रचंड होती.

काम हाती घेतलं आणि एक पेच समोर आला. द्रौपदीला, दमयंतीला, तारामतीला नेसवायचं काय? देशाच्या प्रत्येक भागातला पोशाख वेगळा. मग कुठल्याही एका प्रांताची न वाटता सगळ्या देशाला आपली वाटेल अशी नायिका दाखवायची कशी? दोघे भाऊ उत्तर हिंदुस्थानच्या प्रवासाला निघाले. जुनी शिल्पं पाहिली, माणसं पाहिली, पोशाख पाहिले. अखेर रविवर्मांनी साडी निवडली. पुराणातल्या बायका आज आपल्या डोळ्यांसमोर साडीतच येतात, त्यामागे या निवडीचा मोठा वाटा आहे.

हरिश्चंद्र-तारामती, नल-दमयंती, विश्वामित्र-मेनका, द्रौपदी वस्त्रहरण, शंतनू आणि गंगा अशा विषयांवरची ही चित्रं 1890 पर्यंत तयार झाली. राजवाड्यात लागण्यापूर्वी ती लोकांना पाहायला ठेवली गेली. त्यासाठी जी गर्दी उसळली, तशी गर्दी चित्रांसाठी आपल्याकडे तोवर झालेली नव्हती. मंदिराच्या गाभाऱ्यात काळ्या पाषाणात दिसणारे देव आणि कीर्तनात ऐकलेल्या नायिका अंगावर मांस, डोळ्यांत पाणी घेऊन समोर उभ्या होत्या.

आणि मग फोटो निघाले. या चित्रांचे फोटो काढून त्यांच्या प्रती विकल्या जाऊ लागल्या आणि त्या मोठ्या संख्येने खपल्या. मूळ चित्र राजवाड्यात बंद झालं तरी त्याची छबी बाजारात फिरत राहिली. लोकांना देवाचं हुबेहूब चित्र घरी हवं आहे आणि त्यासाठी ते पैसे मोजायला तयार आहेत, हे यातून दिसून आलं.

मग फोटोच का नाही विकले?

इथे एक साधा प्रश्न पडतो. फोटोग्राफी 1839 पासून जगाला माहीत होती. मुंबईत 1854 मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. मग चित्रांचे फोटो काढून विकण्यावरच का भागलं नाही? छापखाना काढायची गरज काय होती?

पहिलं कारण म्हणजे रंग. फोटो एकरंगी होता, काळपट-तपकिरी. देवाच्या चित्रातून रंग गेला की निम्मा देवच गेला. कुंकवाचा लाल, पीतांबराचा पिवळा, कृष्णाचा निळा हे रंग म्हणजे शोभा नव्हे, त्यांवरून देव ओळखला जातो.

दुसरं कारण तांत्रिक आहे आणि जास्त मजेशीर. त्या काळच्या फोटोच्या काचा सगळ्या रंगांना सारखा प्रतिसाद देत नव्हत्या. निळ्या प्रकाशाला त्या फार संवेदनशील होत्या, लाल प्रकाशाला जवळपास आंधळ्या. परिणाम असा की निळी वस्तू फोटोत फिकी, पांढुरकी यायची आणि लाल वस्तू काळी. म्हणजे सावळा निळा कृष्ण फोटोत गोरा व्हायचा आणि लक्ष्मीची लालसर साडी काळवंडायची. नंतरच्या सुधारलेल्या काचांनी पिवळा-हिरवा बराच सांभाळला, पण लाल रंगाचा प्रश्न बराच काळ राहिला.

तिसरं कारण पैशाचं. फोटोची प्रत्येक प्रत रसायनं लावलेल्या महागड्या कागदावर स्वतंत्र काढावी लागे. हजारो प्रती स्वस्तात काढायच्या तर शाईने छापणं हाच मार्ग होता. फोटोवरून बारीक ठिपक्यांचा ब्लॉक बनवून छापायची हाफटोन पद्धत त्या दशकात भारतात मूळ धरत होती. कलकत्त्यात उपेंद्रकिशोर राय त्यावर नाव घेण्याजोगं काम करत होते. पण भिंतीवर लावायच्या मोठ्या रंगीत चित्रासाठी तेव्हा खात्रीचा पर्याय एकच होता. दगडावरची छपाई, म्हणजे शिळाछाप किंवा लिथोग्राफी.

युरोपात ही चित्रं छापून घ्यावीत, म्हणजे ती देशभर पोहोचतील, असा सल्ला माधवरावांनी 1880 च्या दशकातच रविवर्मांना दिला होता. तो सल्ला आता नव्याने पटू लागला. फक्त चित्रं युरोपात पाठवण्याऐवजी यंत्रं इकडे आणायची, असं रविवर्मांनी ठरवलं.

रविवर्मा पहिले नव्हते

देवाची छापील चित्रं रविवर्मांनी पहिल्यांदा आणली, असं बरेचदा सांगितलं जातं. ते खरं नाही. 1878 मध्ये पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा छापखाना सुरू केला. रामपंचायतन, नाना फडणवीस, पेशवे यांची चित्रशाळेची रंगीत चित्रं मराठी घरांत लागत होती. त्याच वर्षी कलकत्त्यात अन्नदाप्रसाद बागची यांनी कलकत्ता आर्ट स्टुडिओ काढला. त्याआधी लाकडी ठशांवरून छापलेले देव होते, कालीघाटचे हाताने रंगवलेले पट होते. हिंदू देवतांची चित्रं युरोपात छापून इकडच्या बाजारात आणणारे व्यापारीही होते.

रविवर्मांनी आणलेली नवी गोष्ट म्हणजे दर्जा. तैलचित्रातली त्वचेची झाक, कापडाची घडी, दागिन्यावरची चमक हे सगळं कागदावर उतरायला हवं, हा त्यांचा आग्रह होता. आणि छापखान्यामागे देशातल्या सगळ्यांत प्रसिद्ध चित्रकाराचं नाव उभं होतं.

1894: मुंबईत छापखाना सुरू

1894 मध्ये मुंबईत गिरगाव भागात रविवर्मांचा छापखाना सुरू झाला. भागीदार होते गोवर्धनदास खटाव मखनजी नावाचे व्यापारी. यंत्रं जर्मनीहून आली, ती चालवायला जर्मन तंत्रज्ञ आले. त्यांत फ्रिट्झ श्लायशर हे नाव पुढे महत्त्वाचं ठरलं. रोजचा व्यवहार आणि हिशेब यांत भाऊ राजा राजा वर्मांनी मोठा भार उचलला. त्यांनी इंग्रजीत लिहिलेली रोजनिशी आज या काळाचा महत्त्वाचा दस्तऐवज मानली जाते.

पहिलं चित्र छापलं गेलं ते शकुंतलेच्या जन्माचं. मग लक्ष्मी आली, सरस्वती आली. पांढरी साडी नेसून पाण्याकाठी खडकावर बसलेली, वीणा वाजवणारी आणि जवळ मोर असलेली सरस्वती आज शाळाशाळांत पूजेला असते. तिचं मूळही इथेच सापडतं.

एक लक्ष्मी छापायला काय लागायचं?

लिथोग्राफीचा शोध अठराव्या शतकाच्या शेवटी जर्मनीतल्या बव्हेरियात आलोइस सेनेफेल्डरने लावला. तिचं तत्त्व अगदी घरगुती आहे. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, इतकंच.

बव्हेरियात मिळणारा एक खास चुनखडीचा दगड घ्यायचा. तो घासून गुळगुळीत करायचा. त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचं. मग दगड पाण्याने ओला करायचा. जिथे तेलकट रेघ आहे तिथे पाणी टिकत नाही, बाकीचा दगड पाणी धरतो. आता तेलाची शाई फिरवली की ती फक्त रेघांवर बसते. वर कागद दाबला की चित्र उमटतं.

हे झालं एका रंगाचं. लक्ष्मीच्या चित्रात डझनभर किंवा त्याहून जास्त छटा असायच्या आणि प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागायचा. म्हणजे मूळ चित्रातला फक्त पिवळा कुठे कुठे आहे ते एका दगडावर, फक्त गुलाबी दुसऱ्यावर, फक्त निळा तिसऱ्यावर. तेही उलटं, आरशात दिसतं तसं, कारण छापताना चित्र उलटतं. एकच कागद या सगळ्या दगडांवरून एकामागून एक जायचा. प्रत्येक वेळी तो बरोबर त्याच जागी बसायला हवा. केसभर सरकला तर लक्ष्मीच्या ओठांचा लाल गालावर जायचा आणि कागद वाया.

मूळ चित्र डोळ्यांनी वाचून त्याचे रंग वेगवेगळे करणारा कारागीर हा या कामाचा कणा होता. पुढे हेच काम कॅमेऱ्याने रंगीत काचा लावून सुरू केलं, आणि आज संगणक काही सेकंदांत करतो. तेव्हा ते एका माणसाच्या नजरेवर आणि हातावर अवलंबून होतं.

शेवटी छापलेल्या कागदावर वार्निश चढवायचं. काही वेळा कॅनव्हाससारखा खरखरीतपणा यावा म्हणून कागदावर दाबही द्यायचे. लांबून पाहिलं तर तैलचित्रच वाटावं, म्हणून अशा छापांना ओलिओग्राफ म्हणत.

घरी गेल्यावर लोक त्यात आपली भर घालायचे. लक्ष्मीच्या छापील साडीवर खरं कापड चिकटवायचं, जर लावायची, दागिन्यांवर टिकल्या आणि मणी शिवायचे. असे सजवलेले जुने छाप आजही संग्राहकांकडे आणि संग्रहालयांत पाहायला मिळतात.

प्लेग, कर्ज आणि मळवली

चित्रं खपत होती, तरी छापखाना तोट्यात चालला होता. दर्जासाठी खर्च अफाट, परदेशी तंत्रज्ञांचे पगार मोठे, शाई आणि दगड बाहेरून आणायचे. दोन्ही भावांचा बराच वेळ संस्थानिकांच्या चित्रांसाठी फिरण्यात जायचा. धंदा बघायला पूर्ण वेळ देणारं घरचं कुणी नव्हतं. भागीदारीही फार काळ टिकली नाही.

त्यातच 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. माणसं शहर सोडून पळू लागली, बाजार थंडावले, कामगार मिळेनात. गिरण्यांपासून गोदीपर्यंत सगळ्यांनाच फटका बसला, तिथे चित्रांच्या छापखान्याची काय कथा!

1899 च्या सुमारास छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला गेला. कार्ले आणि भाजे लेण्यांच्या परिसरातलं हे गाव मुंबई-पुणे रेल्वेमार्गावर आहे. हवा चांगली, जागा स्वस्त आणि माल पाठवायला रेल्वे. पण कर्जाचा डोंगर जागा बदलून कमी होत नाही.

अखेर विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत रविवर्मांनी छापखाना श्लायशर यांना विकला. सोबत आपली अनेक चित्रं छापण्याचे हक्कही दिले. ज्या चित्रांनी रविवर्मांचं नाव पुढची शंभर वर्षं गाजवलं, त्यांच्या छपाईतून येणाऱ्या उत्पन्नावर त्यांचा हक्क उरला नाही.

श्लायशर यांनी मात्र धंदा सावरला. धार्मिक चित्रांबरोबर त्यांनी जाहिराती, लेबलं, कॅलेंडरं यांची छपाई घेतली. आगपेट्या, कापडाचे तागे आणि साबण यांच्यावर रविवर्मांच्या देवता झळकू लागल्या. दुसऱ्या छापखान्यांनी नकलाही काढल्या. मूळ चित्र कुणाचं याचा पत्ता लागू नये इतक्या नकला झाल्या.

या छापखान्याशी आणखी एक मराठी नाव जोडलेलं आहे. त्र्यंबकेश्वरला 1870 मध्ये जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब फाळके. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आणि मग सयाजीरावांनीच काढलेल्या बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. फोटोवरून शिळेवर चित्र उतरवण्याचं, म्हणजे फोटो-लिथोचं काम त्यांनी रविवर्मा छापखान्यासाठी केलं आणि पुढे स्वतःचा छपाईचा व्यवसाय काढला. 1913 मध्ये त्यांनी पहिला चित्रपट आणला तो 'राजा हरिश्चंद्र'. बडोद्याच्या 14 चित्रांतही हरिश्चंद्र-तारामती होते, हे आठवा. छापील चित्रांतून लोकांच्या डोळ्यांत बसलेले देव आणि पुराणपुरुष पडद्यावर चालू लागले, ते असे.

गाभाऱ्याच्या बाहेर आलेला देव

आता या सगळ्याचं महत्त्व काय, ते बघू. छपाईआधी देवाची चांगली मूर्ती किंवा चित्र बाळगणं सगळ्यांना परवडत नव्हतं. देवाला पाहायचं तर देवळात जायचं. आणि देऊळ सगळ्यांसाठी उघडं नव्हतं.

रविवर्मांच्या त्रावणकोरमध्ये जातीचे नियम देशात सर्वांत कडक म्हणावे असे होते. खालच्या मानल्या गेलेल्या जातींना देवळात सोडाच, देवळाजवळच्या रस्त्यांवरही बंदी होती. महाराष्ट्रात वेगळं नव्हतं. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली 1930 मध्ये सत्याग्रह सुरू करावा लागला, तोही वर्षानुवर्षं चालला.

कागदावरच्या देवाला पुजारी लागत नाही. तो विकत घेताना कुणी जात विचारत नाही. भिंतीवर खिळा ठोकला की झालं देवघर. म्हणून रविवर्मांनी देवाला देवळाबाहेर आणलं, असं आज अभिमानाने सांगितलं जातं.

यात तथ्य आहे, पण ते जपून मांडायला हवं. जात मोडावी म्हणून रविवर्मांनी छापखाना काढल्याचं दिसत नाही. ते राजघराण्याशी जोडलेले, रूढी पाळणारे गृहस्थ होते. चित्रं परदेशी गाजली तरी स्वतः ते कधी समुद्रापार गेले नाहीत. सुरुवातीची चित्रं मुख्यतः मध्यमवर्गीय घरांत गेली. ती गरिबाच्या झोपडीपर्यंत पोहोचली ती पुढे, स्वस्त नकला आणि फुकट कॅलेंडरं निघाल्यावर. शिवाय हातात चित्र आलं म्हणून देवळाचं दार उघडलं असं झालं नाही. त्यासाठी माणसांना लढावंच लागलं.

या गोष्टीला इतिहासाने एक वेगळाच धागा जोडला आहे. 1900 मध्ये त्रावणकोरच्या गादीला वारस उरले नव्हते, म्हणून रविवर्मांच्या दोन नाती राजघराण्यात दत्तक गेल्या. सेतू लक्ष्मीबाई आणि सेतू पार्वतीबाई. यांतल्या सेतू पार्वतीबाईंचा मुलगा चित्तिरा तिरुनाळ पुढे त्रावणकोरचा महाराज झाला. दीर्घ आंदोलनांनंतर 12 नोव्हेंबर 1936 रोजी त्याने संस्थानातली मंदिरं सर्व हिंदूंना खुली करण्याचा जाहीरनामा काढला. रविवर्मांचा तो पणतू.

कौतुक करणारे आणि नाकं मुरडणारे

हयातीत रविवर्मांना मानसन्मान भरपूर मिळाले. 1893 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची 10 चित्रं होती, त्यांना पदकं मिळाली. 1904 मध्ये ब्रिटिश सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिलं. त्या वेळच्या उल्लेखात त्यांच्या नावामागे राजा लागला आणि तो कायमचा चिकटला. ते कुठल्याही संस्थानाचे राजे नव्हते.

पण त्यांच्या अखेरच्या काळात हवा बदलू लागली. कलकत्त्यात ई. बी. हॅवेल आणि अवनींद्रनाथ टागोर यांच्याभोवती चित्रकलेचा नवा विचार उभा राहत होता. भगिनी निवेदिता आणि आनंद कुमारस्वामी यांनी रविवर्मांवर कडक टीका केली. आक्षेप असा की ही युरोपची उसनी शैली आहे, यातल्या देवता नाटकातल्या नट्यांसारख्या दिसतात, यात भारतीय आत्मा नाही.

नाटकाचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. लहानपणीची कथकली आणि मुंबईत पाहिलेली रंगभूमी यांची छाप त्यांच्या चित्रांतल्या उभं राहण्यात, हातवाऱ्यांत, मागच्या पडद्यासारख्या निसर्गात अभ्यासकांना दिसते.

आणखी एक आक्षेप आजही घेतला जातो आणि तो जास्त गंभीर आहे. रविवर्मांच्या देवी बहुतेक गोऱ्या, उच्चवर्णीय वळणाच्या आहेत. त्यांचा छापील चेहरा एवढा पसरला की गावोगावच्या देवींची वेगवेगळी रूपं मागे पडली. कालीघाटच्या पटकारांसारख्या हाताने चित्रं काढणाऱ्यांची रोजीरोटी यंत्राच्या स्वस्त छपाईपुढे टिकली नाही. सगळ्यांना देव मिळाला, पण सगळ्यांना सारखाच मिळाला.

अखेरची वर्षं

जानेवारी 1905 मध्ये भाऊ राजा राजा वर्मा गेले. प्रवासात सोबती, चित्रांत मदतनीस, हिशेबात कारभारी असा हा माणूस होता. रविवर्मांचा उजवा हातच गेला. मधुमेहाने ते स्वतःही थकले होते. तरी म्हैसूरच्या राजवाड्यासाठी घेतलेली पौराणिक चित्रं त्यांनी पूर्ण केली. 2 ऑक्टोबर 1906 रोजी किळिमानूरला त्यांचं निधन झालं. वय 58.

त्यानंतरही मळवलीचा छापखाना अनेक दशकं सुरू होता. 1972 मध्ये त्याला आग लागली आणि बरंच काही जळून गेलं. 1979 मध्ये भारत सरकारने रविवर्मांच्या चित्रांना राष्ट्रीय कलाठेव्याचा दर्जा दिला, त्यामुळे त्यांची मूळ चित्रं आता देशाबाहेर नेता येत नाहीत. बडोद्याच्या महाराजा फतेहसिंह संग्रहालयात ती आजही पाहता येतात. मराठीत रणजित देसाई यांनी त्यांच्यावर 'राजा रविवर्मा' ही कादंबरी लिहिली. केतन मेहतांचा 'रंगरसिया' हा चित्रपट तिच्यावरच बेतलेला आहे. कादंबरी आणि चित्रपटात कल्पनेचा भाग असतो, त्यामुळे त्यातली प्रत्येक गोष्ट इतिहास म्हणून घेऊ नये.

मूळ तैलचित्रांना आज लिलावात कोट्यवधींचा भाव मिळतो. जुने ओलिओग्राफही आता जपून, काचेमागे ठेवले जातात. आणि त्याच चित्राची चार पिढ्यांनी केलेली नक्कल, वाण्याने फुकट दिलेल्या कॅलेंडरवर, उदबत्तीच्या धुराने काळी पडेपर्यंत भिंतीवर असते. वर्ष संपलं की कॅलेंडर निघतं, पण त्यावरच्या लक्ष्मीला रद्दीत टाकायला हात धजावत नाही. मग ती कात्रीने कापून देवघरात ठेवली जाते.

कागदाला देवपण द्यायचं काम शेवटी चित्रकाराने केलं नाही, छापखान्यानेही नाही. ते घरोघरच्या माणसांनी केलं. रविवर्मांनी तो कागद त्यांच्या हातात पोहोचवला, आणि त्याची किंमत स्वतः मोजली.